गरवायला जाताना: क्लॅम्पवरचा मोबाईल की छातीवरचा कॅमेरा?

गेल्या गणपतीत भाच्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, शिकारीचे व्हिडिओ करायचेत. कॅमेरा कुठला घेऊ?” वाती वळत बसलेल्या आईनं मान वर केली. शिकार म्हटलं की तिला अजून बंदूकच दिसते. पण शौकाची बंदूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं खाली ठेवायला लावली, आणि हल्ली तर सशा-डुकरामागे रात्री हिंडणाऱ्यांनी स्वतःच काढलेले व्हिडिओ वनखात्याच्या हाती पुरावा म्हणून पडतात. भाच्याला म्हणायची होती ती गरीवरची शिकार. खाडीच्या काठी खडपावर उभं राहायचं, रॉडनं मासा काढायचा आणि तो काढताना दिसेल असा व्हिडिओ टाकायचा. आमच्याकडे याला गरवायला जाणं म्हणतात. हातातल्या दोरीचं रॉड-रील झालं, क्रियापद तेच राहिलं.

मी दोन्ही करून बघितलंय. पहिलं दीड वर्ष मोबाईल क्लॅम्पला, म्हणजे मोबाईल पकडून ठेवणाऱ्या चिमट्याला, लावून, त्यानंतर छातीवर पट्ट्यानं बांधलेला अॅक्शन कॅमेरा. मेगापिक्सेल आणि फोर-के डब्यावर लिहिलेलं असतं, ते इथे सांगत नाही. दाभोळच्या खाडीत पहाटे पाच वाजता काय होतं तेवढं सांगतो.

मोबाईलची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. चित्र देखणं येतं. मागून उजाडतंय, पुढे तुम्ही रॉड घेऊन उभे, पाण्यावर दोरी चमकतेय, असा देखावा छातीवरच्या कॅमेऱ्यातून जन्मात मिळणार नाही, कारण त्यात तुम्ही स्वतः नसताच. दोन शब्द बोलायचे असतील, आज पाणी कसं आहे, कोळंबी कुठून आणली, तर मोबाईलसमोर बोलणं सोपं जातं. मासा मोजताना, हातात धरून दाखवताना तर मोबाईलच. माझे सर्वांत जास्त बघितले गेलेले दोन व्हिडिओ अजूनही मोबाईलचेच आहेत, हे कबूल करून टाकतो.

अडचण म्हणाल तर पहिली सगळ्यांनाच कळते. मासा चौकटीत राहत नाही. क्लॅम्प एका जागी, मासा धावला डावीकडे, तुम्ही त्याच्यामागे तीन खडक सोडून गेलात, आणि घरी येऊन बघता तर चार मिनिटं नुसतं पाणी, मागून तुमचा आवाज: “आला आला आला, गेला.” तेही मी चालवून घेतलं असतं. लोकांना आवाजावरूनही मजा येते.

मला जे सोसलं नाही ते म्हणजे ओले हात.

जिवंत कोळंबी गळाला लावली आहे का कधी? डब्यात हात घालायचा, ती बोटाला काटा मारते, मग शेपटीजवळून गळ आत घालायचा. इतकं होईपर्यंत बोटांवर खारं पाणी, कोळंबीची बुळबुळ, वरून थोडी वाळू. असं बोट मोबाईलच्या काचेवर टेकवलं की काच बावचळते. तुम्ही दाबता एक, लागतं दुसरंच. काचेवर खाऱ्या पाण्याचा थेंब असेल तर तुम्ही हातही न लावता मोबाईल आपलं आपण काहीबाही उघडत सुटतो.

एका मार्चमधली गोष्ट. भांगाचं पाणी होतं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी, ओढ कमी, मी दाभोळसमोरच्या धोपाव्याच्या बाजूला खडपावर. बॅटरी वाचवायची म्हणून चित्रण थांबवून ठेवलं होतं. साडेसहाला रॉड वाकली. वाकली म्हणजे टोक पाण्यात गेलं आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, किर्र करत सुटला. तांबोशी, खडकांत राहणारा जोरकस मासा, असणार हे त्या पहिल्या ओढीवरूनच कळलं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी डाव्या हातात रॉड धरून, बूड मांडीत दाबून उजव्या हातानं मोबाईल उघडायला गेलो. अंगठ्याचा ठसा लागेना. अंगठा पँटला पुसला, पँटही ओली. चेहरा दाखवावा तर डोक्याला टोपी, तोंडाला फडका. मग आकडे दाबायला घेतले. थेंबानं माझ्याआधी दोन आकडे दाबले होते. पाच वेळा चुकल्यावर मोबाईल म्हणाला, तीस सेकंदांनी या.

तांबोशी तीस सेकंद थांबणाऱ्यातली नव्हे. ती लागली की पहिल्या धावेत दगडाच्या कपारीकडेच जाते, आणि त्या धावेतच ड्रॅग आवळून तिला वळवावं लागतं. मी वळवलं नाही, कारण माझा हात दुसरीकडे होता. लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासून तुटला. शेजारी एक म्हातारेबुवा गरवत होते. त्यांनी इतका वेळ सगळं बघितलं होतं. शांतपणे विचारलं, “कोणाचा फोन?”

त्या दिवशीचा माझ्याकडे एकच व्हिडिओ आहे. चौदा सेकंदांचा, माझ्या अंगठ्याचा.

यावर उपाय सुचवणारे भेटतात, आणि मी ते करूनही बघितलेत. आवाजाच्या बटणानं चित्रण सुरू होतं, खरं आहे. पण क्लॅम्पचा जबडा नेमका त्याच बटणावर येतो. वर सरकवला की मोबाईल कलंडतो. ब्लूटूथचं छोटं रिमोट आणलं. ते दोन फेऱ्यांत खाऱ्या हवेनं गेलं. चित्रण सतत चालूच ठेवावं तर ऊन वर आल्यावर मोबाईल इतका तापतो की स्वतःच बंद पडतो, आणि घरून फोन आला तर तोही त्याच यंत्रावर. पाण्याला दाद न देणारा मोबाईल घ्या म्हणतात. तो दर्जा गोड्या पाण्यात तपासून दिलेला असतो, समुद्राच्या पाण्याची हमी कंपन्या स्वतःच देत नाहीत. पुसायला कोरडा रुमाल गळ्यात बांधा, हाही एक सल्ला. अर्ध्या तासानंतर कोरडा रुमाल राहतो का, ते बांधून बघा.

छातीवरच्या कॅमेऱ्याला वर एक बटण असतं. दाबलं की बोटाला कळतं आणि कानालाही, टुंग वाजतं. ओला हात, बुळबुळीत हात, हातमोजा, त्याला काही फरक पडत नाही. ठसा नाही, आकडे नाहीत. एवढ्या एका बटणासाठी मी पैसे मोजले म्हणालात तरी चालेल. सेकंडहँड घेतला होता, पण बायकोला किंमत सांगायला तरीही आठवडा लागला.

डोक्यावर लावायचा की छातीवर, हा पोटप्रश्न. डोक्यावरचा कॅमेरा तुम्ही बघाल तिकडे बघतो. तुम्ही गाठ मारताना गाठ, डास मारताना डास. बघणाऱ्याला घेरी येते. छातीवरून मात्र दोन्ही हात, रील, रॉडची वाकण आणि दोरी पाण्यात शिरते ती जागा, सगळं एका चौकटीत येतं. मासा वर काढला की तो आपसूक कॅमेऱ्यासमोरच येतो, कारण माणूस मासा छातीशीच धरतो. पोट थोडं सुटलेलं असेल तर पट्टा वर सरकून कॅमेरा आभाळाकडे बघायला लागतो. माझे पहिले दोन व्हिडिओ ढगांचे निघाले. कॅमेरा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बोटभर खाली वाकवून ठेवा. लाइफ जॅकेट घालत असाल, आणि खडपावर ते घालावंच, तर पट्टा त्याच्यावरून.

त्याचेही ताप आहेत, नाही असं नाही. भिंग रुंद असल्यामुळे हात लांब करून धरलेली दीड किलोची तांबोशी बोयीएवढी, आमिषाला लावतात त्या लहान माशाएवढी, दिसते. खाली लोक विचारतात, मासा कुठाय. वारा तर इतका घुसतो की खाडीतल्या व्हिडिओत वादळ ऐकू येतं. मी माइकच्या भोकावर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिकटवतो, बऱ्यापैकी काम होतं. काचेवर पाण्याचे थेंब साचले की घासून पुसू नका. खरं सांगू? जिभेनं चाटायची. लाळेचा पातळ थर राहतो आणि थेंब गोळा न होता पसरून जातो. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं, नंतर सवय होते. घरी आल्यावर सगळी दारं बंद आहेत बघून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, नाहीतर मीठ बटणाखाली बसतं, आणि ज्या बटणासाठी घेतला तेच अडकतं.

मोठा ताप बॅटरीचा आणि वाट बघण्याचा. गरवणं म्हणजे तीन तास काही नाही आणि चाळीस सेकंद सगळं. तीन तास चित्रण करून ठेवलंत तर रात्री जागून ते चाळीस सेकंद शोधावे लागतात. कार्ड भरतं, लॅपटॉप भरतो, घरचे वैतागतात. यावर काही कॅमेऱ्यांत एक सोय असते. गोप्रोनं २०२० च्या हिरो ९ मध्ये ती हाइंडसाइट या नावानं आणली. कॅमेरा मागची पंधरा किंवा तीस सेकंदं सतत लक्षात ठेवत राहतो, तुम्ही मासा लागल्यावर बटण दाबलंत तरी लागण्याआधीचं चित्र मिळतं. रॉडचं टोक थरथरलं तो क्षण त्यात सापडतो, आणि व्हिडिओचा जीव तिथेच असतो. घेताना ही सोय आहे का, एवढं जरूर विचारा. बॅटरी मात्र ती भराभर खाते. माझ्या खिशात दोन जादा असतात, भरती सुरू झाली की एक बदलतो.

व्हिडिओ टाकण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझं मत फारसं चालत नाही. भाचा इन्स्टाग्रामच्या रीलवाला आहे, मी यूट्यूबवाला. व्हॉट्सअॅपवर पाठवाल तर चित्राचा चोथा होतो. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं बघणं लागतं, तेव्हा त्या पैशातून गरवायचं नवं रील घेऊ हा विचार सध्या बाजूला ठेवा. मागे कोळीगीत लावू नका, हक्काचा दावा लगेच येतो. पाण्याचा आवाज पुरे. मासा मारताना, रक्त काढताना फार वेळ दाखवू नका. आणि बोटभर पिल्लू धरून मिरवू नका. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, बघणाऱ्यांनाही ते माहीत झालंय, प्रतिक्रियांत सोडत नाहीत. शेजारी टेप ठेवून मासा दाखवावा आणि लहान असेल तर सोडताना दाखवावं. ते लोकांना जास्त आवडतं, असा माझा तरी अनुभव.

एक गोष्ट मात्र व्हिडिओ टाकायला लागल्यावरच कळते, आणि तिनं माझं पारडं आणखी झुकवलं. जागा फुटते. क्लॅम्पवरच्या मोबाईलमध्ये तुमच्या मागचा अख्खा किनारा येतो. मागून फेरीबोट जाताना दिसली, पलीकडे दाभोळच्या जुन्या मशिदीचा घुमट दिसला, की पुढच्या रविवारी तुमच्या खडपावर सात माणसं उभी. माझ्या बाबतीत नऊ होती, त्यातल्या एकानं मलाच विचारलं, “इथे लागते का हो तांबोशी?” छातीवरचा, खाली वाकवलेला कॅमेरा पाणी आणि हात दाखवतो. काठ जवळजवळ दिसतच नाही. म्हातारेबुवांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सुरू केलं, यावरून काय ते समजा.

म्हणून सगळ्यांनी उठून कॅमेरा घ्यावा असं मी म्हणणार नाही. सोबतीला एखादा मित्र असेल, ज्याला गरवायचं नाही पण पहाटे उठायचंय, तर त्याच्या कोरड्या हातातला मोबाईल या दोन्हींपेक्षा बरा. असे मित्र मिळत नाहीत ही गोष्ट वेगळी. लुअर, म्हणजे खोटं आमिष, फेकणारे असाल, जिवंत आमिषाला हात लावत नसाल, तर माझी अर्धी तक्रार तुम्हाला लागूही होत नाही. मोबाईलवर खुशाल वर्ष काढा. आणि गरवण्याचा नाद दोन महिन्यांत सुटेल अशी शंका स्वतःलाच येत असेल तर एक पैसा खर्चू नका. पण एकटे जात असाल, कोळंबीवर किंवा बोयीवर गरवत असाल, तर ओळखीतल्या कुणाचा छातीवरचा कॅमेरा एका रविवारपुरता मागून बघा. परत देताना जीवावर आलं तर घ्या.

भाच्यानं मागितला. दिवाळीत आला तेव्हा माझा घेऊन गेला, अजून दिलेला नाही.

क्लॅम्प मी टाकला नाही. मागच्या पडवीत खांबाला लावलाय. रात्री मासे साफ करताना त्यात मोबाईल अडकवतो, त्याची बॅटरी, म्हणजे टॉर्च, चालू करून. बॅटरी मात्र हात ओले व्हायच्या आत लावायची.