परदेशातून घरी फोन: रोमिंग पॅक, तिथलं सिम, ई-सिम की नुसतं वायफाय?

प्रवासाची तारीख जवळ आली की "कुठलं सिम घेऊ?" हा प्रश्न सुरू होतो. त्याच्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: घरी फोन उचलणारं कोण आहे आणि त्यांच्या हातात कुठला फोन आहे? घरी स्मार्टफोन आणि इंटरनेट असेल तर बोलण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्याकडे तेवढं इंटरनेट असलं की झालं. पण गावी आईकडे बटनांचा फोन असेल किंवा वडील फक्त लँडलाइन उचलत असतील, तर व्हॉट्सअ‍ॅप काहीच कामाचं नाही. मग हिशोबच वेगळा होतो.

दुसरी गोष्ट, बोलण्याशी संबंध नसलेली पण टाळता न येणारी: भारतातलं सिम जिवंत ठेवणं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. म्हणून सिम काढून पाकिटात ठेवून देणं हा स्वस्त पर्याय वाटला तरी कार्ड वापरायची वेळ आली की महागात पडतो.

पैसे नेमके कुठे जातात

परदेशातून भारतातल्या नंबरवर कॉल आला की तो पोचवण्यासाठी इथली कंपनी मिनिटाला ३५ ते ६५ पैसे आकारते. ही मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२० मध्ये ठरवली. म्हणजे भारतात कॉल पोचवणं मुळात स्वस्त आहे. महाग आहे ते रोमिंग, कारण त्यात तुमची कंपनी तिथल्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने वापरते आणि ते भाडं तुमच्या बिलात येतं. पॅक नसताना नुसता आलेला कॉल उचलला तरी कित्येक देशांत मिनिटाला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुपये लागतात. एकदा हे लक्षात आलं की पुढचे सगळे पर्याय समजायला सोपे जातात: रोमिंगची मिनिटं जितकी कमी, तितका खर्च कमी.

| पर्याय | घरी स्मार्टफोन लागतो? | घरी कुठला नंबर दिसतो | ओटीपी |
|---|---|---|---|
| भारतीय सिमवर रोमिंग पॅक | नाही | तुमचा नेहमीचा | येतो |
| तिथलं सिम | नाही, साध्या फोनवरही कॉल लागतो, पण दर बघून | परदेशी | भारतीय सिम दुसऱ्या खणात असेल तर येतो |
| ट्रॅव्हल ई-सिम (कार्ड न घालता क्यूआर कोडने फोनमध्ये टाकायचं सिम) | हो, कारण बहुतेकांत फक्त डेटा असतो | व्हॉट्सअ‍ॅपचा | भारतीय सिम चालू असेल तर येतो |
| नुसतं वायफाय | हो | व्हॉट्सअ‍ॅपचा | भारतीय सिमचं रोमिंग चालू असेल तर येतो |

रोमिंग पॅक: सोपा, पण मिनिटं मोजून

आखातातल्या देशांसाठी आठवड्याभराचे पॅक हजाराच्या आसपास मिळतात, युरोप-अमेरिकेसाठी दहा दिवसांना तीन हजारांच्या आसपास लागतात. दर सतत बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात कंपनीच्या ॲपमध्ये देश निवडून बघावं. बऱ्याच पॅकमधली मिनिटं ही आलेले आणि केलेले कॉल मिळून असतात. हे अनेकांना बिल आल्यावर कळतं. कर्ज देणाऱ्यांचा कॉल उचलून लगेच कापला तरी सहसा एक मिनिट गेलंच. म्हणून अनोळखी नंबर उचलू नका. नुसती रिंग वाजण्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे मिस्ड कॉलची जुनी युक्ती इथे अजून चालते: घरच्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, तुम्ही वायफायवर आलात की व्हॉट्सअ‍ॅपवरून लावायचा.

काही पॅक विकत घेतल्याक्षणी सुरू होतात, काही परदेशी नेटवर्क पकडल्यावर. दुसऱ्या प्रकारात दोहा किंवा इस्तंबूलला विमान बदलताना फोन चालू केलात तर तिथेच दिवस मोजायला सुरुवात होऊ शकते. आणि तो देश पॅकमध्ये नसेल तर साध्या दराने पैसे कापले जातात. मधल्या विमानतळावर फोन फ्लाइट मोडमध्येच ठेवून वायफाय लावावं. क्रूझवर तर हे अगदी कटाक्षाने करावं. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की फोन बोटीवरचं, उपग्रहाला जोडलेलं नेटवर्क पकडतो आणि ते देशांच्या पॅकमध्ये सहसा बसत नाही.

चार-सहा दिवसांची सहल, बरोबर ज्येष्ठ मंडळी आणि घरी साधा फोन असं असेल तर आमच्या मते रोमिंग पॅकच घ्यावा. चार पैसे जास्त जातील, पण विमानतळावर सिमच्या रांगेत उभं राहणं आणि सेटिंगची खटपट वाचेल.

डेटा किती लागतो

व्हॉट्सअ‍ॅपचा नुसत्या आवाजाचा कॉल मिनिटाला साधारण अर्धा एमबी खातो, व्हिडिओ कॉल पाच एमबीच्या आसपास. रोज दहा मिनिटं व्हिडिओवर बोललात तरी आठ दिवसांत ४०० एमबी होतात. म्हणजे एक जीबीचं ई-सिम बोलायला पुरून उरतं. डेटा संपवतात ते फोटोंचे बॅकअप आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात जाऊन आपोआप डाउनलोड बंद करा आणि कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय चालू करा. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा.

ई-सिम घेण्याआधी फोनवर *#०६# लावून बघा. यादीत ईआयडी नावाचा मोठा क्रमांक दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. क्यूआर कोड घरच्या वायफायवरच स्कॅन करा. पोचल्यावर स्कॅन करू म्हणालात तर तिथे इंटरनेट नसतं आणि इंटरनेटसाठीच तर ई-सिम हवं असतं. बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात, त्यामुळे "चालत नाहीये" म्हणून ई-सिम पुसून पुन्हा टाकायला जाऊ नका. आधी त्या लाइनचं डेटा रोमिंग चालू आहे का ते बघा. नव्वद टक्के तक्रार तिथेच मिटते. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार खात्याची परवानगी लागते. ती नसल्याने एअरालो आणि होलाफ्लाय ही ॲप जानेवारी २०२४ मध्ये इथे बंद करण्यात आली. त्यामुळे जुन्या व्हिडिओत दिलेली शिफारस तपासून घ्यावी.

दुबई: इथे सगळे नियम उलटतात

भारतातून सर्वाधिक लोक जिथे जातात, नेमकी तिथेच नेहमीची युक्ती अडते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि फोटो जातात, पण कॉल चालत नाहीत. रिंग वाजते, समोरचा उचलतो आणि मग "कनेक्ट होत आहे" वर अडकून राहतं, किंवा आवाजच येत नाही. फोन बिघडलेला नसतो, तिथल्या नेटवर्कवर ते अडवलेलं असतं. हॉटेलचं वायफाय असो की तिथलं सिम, दोन्हीकडे हाच प्रकार.

यातून तीन वाटा निघतात. पहिली, परवानगी असलेली ॲप वापरणं. बोटिम तिथे सर्रास चालतं, पण ते घरच्या फोनवरही असावं लागतं. म्हणून निघण्याच्या आधी घरी बसून दोन्ही फोनवर टाकून एकदा कॉल करून बघा, कारण मुंबईत बसलेल्या आजीला दुबईहून फोनवर ॲप डाउनलोड करायला शिकवणं भलतंच कठीण जातं. झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्सही परवानगीच्या यादीत आहेत आणि घरी कुणी ऑफिसचं काम करणारं असेल तर ती आधीच फोनवर असतात. दुसरी वाट म्हणजे भारतीय सिमचा रोमिंग डेटा. तो आधी भारतात येऊन मग पुढे जातो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सअ‍ॅप कॉल सहसा लागतात. दुबईसाठी पॅकचे जास्तीचे पैसे इथे वसूल होतात. तिसरी वाट म्हणजे तिथलं टुरिस्ट सिम. त्यात आंतरराष्ट्रीय कॉलला चालतील अशी मोजकी मिनिटं असतात, ती साध्या फोनवर दोन-तीन निरोप द्यायला पुरतात.

व्हीपीएनचा (आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून चालल्याचं भासवणाऱ्या ॲपचा) सल्ला देणारे खूप भेटतील. तो घेऊ नका. बेकायदा गोष्टीसाठी व्हीपीएन वापरला तर तिथल्या कायद्यात पाच लाख ते वीस लाख दिऱ्हॅम दंडाची तरतूद आहे. घरी "जेवलात का" विचारण्यासाठी ही जोखीम कुणी का घ्यावी?

सौदी अरेबियाने अशा कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली, त्यामुळे दुबईचा अनुभव सगळ्या आखाताला लावू नये. चीनमध्ये मात्र व्हॉट्सअ‍ॅपच बंद आहे आणि तिथलं वीचॅट भारतात २०२० पासून बंद आहे. तिथे जाणाऱ्याने भारतीय सिमचं रोमिंगच घ्यावं.

युरोप: स्वित्झर्लंडचा अडथळा

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं. पॅरिसला घेतलेलं सिम रोममध्ये चालेल. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक टूरमध्ये दोन-तीन रात्री तिथेच असतात. ब्रिटनही आता बाहेर आहे. सिम किंवा ई-सिम घेताना देशांच्या यादीत या दोघांची नावं स्वतः वाचून घ्या. दुकानदाराच्या "ऑल युरोप"वर विसंबू नका. आणखी एक, हा नियम युरोपातल्या युरोपात लागू आहे. त्याच सिमवरून भारतात लावलेला साधा कॉल त्यात येत नाही. लायका, लेबारा अशा कंपन्यांच्या काही प्लॅनमध्ये भारतासाठी वेगळी मिनिटं असतात. घरी बटनांचा फोन असेल तर तसाच प्लॅन शोधावा.

अमेरिकेत सहा महिने

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईवडिलांचं गणित पर्यटकांपेक्षा वेगळं असतं. इतक्या दिवसांसाठी रोमिंग पॅक परवडत नाही. मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणं सर्वांत स्वस्त पडतं. मात्र आधी हँडसेट तपासा. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे जुना फोन तिथे कॉलच करू शकत नाही. एटीअँडटीच्या नेटवर्कवर त्यांच्या यादीत नसलेले, भारतात चांगले चालणारे फोनही अडतात.

साध्या फोनवर लावायला मुलांच्या गूगल व्हॉइस खात्यातून भारतात मिनिटाला काही सेंटच लागतात, पण त्यासाठी अमेरिकन नंबर असावा लागतो. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, त्यामुळे त्यात पैसे भरायचा जुना सल्ला आता बाद. उलट बाजूनेही विचार करा. जिओने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या आयएसडी पॅकमध्ये अमेरिकेसाठी ३९ रुपयांत ३० मिनिटं होती, अमिरातीसाठी ९९ रुपयांत १०. अमेरिकेत असाल तर घरच्यांनी तुमच्या तिथल्या नंबरवर फोन करणं स्वस्त, दुबईत असाल तर नाही.

भारतीय सिमसाठी वर्षभराचा, फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज करून निघा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये असे प्लॅन देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि ते दोन हजारांच्या आत मिळतात. शिवाय आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या. ओटीपीचा एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, पण रोमिंग बंद असेल तर तो येतच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी

फोनवर ##००२# लावा. याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. हे न केल्यास काय होतं ते बघा: तुम्ही फोन उचलत नाही, कॉल परदेशी नेटवर्कपर्यंत जातो आणि तिथून फॉरवर्ड केलेल्या भारतीय नंबरवर परत येतो. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही पैसे तुमच्या नावावर, आणि तुम्ही एक शब्दही बोललेला नसता. मिस्ड कॉलची सूचना देणारी सेवाही याने बंद होईल, परत आल्यावर ती पुन्हा सुरू करावी.

पॅक घेतला नसेल तर भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. आयफोनमध्ये दोन सिम असतील तर डेटासाठी आपोआप सिम बदलण्याची परवानगीही बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन भारतीय सिमचा डेटा वापरू लागतो. नवीन सिम टाकल्यावर आयमेसेज सुरू होताना फोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो, त्याचे पैसे लागू शकतात. गरज नसेल तर प्रवासापुरतं ते बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप नवीन नंबर घेऊ का असं विचारेल, नाही म्हणा. जुन्याच नंबरवर ते चालत राहतं.

घरचे सगळे नंबर +९१ लावून साठवा. लँडलाइन असेल तर शहराच्या कोडमधला शून्य गाळायचा: पुण्याला +९१ २०, नागपूरला +९१ ७१२, गोव्याला +९१ ८३२.

आणि तिथलं सिम घेणार असाल तर तो नंबर मिळताच पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर घरी कळवा. परदेशी नंबरवरून आलेले फसवणुकीचे कॉल उचलायचे नाहीत हे घरच्या ज्येष्ठांना आपणच शिकवलंय, आणि ते तसंच राहू द्यावं. कळवलेला नंबर घरातल्या कुणीतरी त्यांच्या फोनमध्ये तुमच्या नावाने साठवून दिला की ते निःशंक उचलतील.