यामाहा एन१एक्स: तारा नाहीत, पण हाताला ग्रँडच लागतो

शेजाऱ्यांमुळे रात्री पियानो बंद ठेवावा लागत असेल तर यामाहाचा हा हायब्रिड (खरी ॲक्शन, पण डिजिटल आवाज असलेला) पियानो एकदा तरी वाजवून बघाच. आत तारा नाहीत पण ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हॅमरपर्यंतची यंत्रणा, खरीखुरी ग्रँड पियानोची आहे, पट्टी दाबली की हॅमर (हातोडी) खरंच उडतो आणि ऑप्टिकल सेन्सर ती हालचाल टिपतात, त्यामुळे बोटाला जे जाणवतं ते साध्या डिजिटलवर मिळतच नाही हो. सगळ्यात भारी म्हणजे रिपीटिशन, एकच सूर भराभर परत वाजवणं! १८२१ मध्ये एरार्ड या पियानो बनवणाऱ्या कंपनीने पेटंट घेतलेली डबल एस्केपमेंटची युक्ती इथेही आहे, म्हणजे पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर परत वाजवता येतो, आणि अगदी हळू दाबलं तर तो बारीक खटकाही लागतो.

आवाज सीएफएक्स आणि बोझेनडॉर्फर इम्पिरियल या दोन मोठ्या कॉन्सर्ट ग्रँड पियानोंचे, हेडफोनवर तर अप्रतिम. स्पीकरवर मात्र जोरात कॉर्ड वाजवला की साउंडबोर्डचं (खऱ्या पियानोत आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीचं) थरथरणं मला मिस होतं, पट्ट्या थरथरवणारी सोय याच मालिकेतल्या एन३एक्समध्ये आहे, यात नाही.

मुंबईच्या दमट हवेत ट्यूनिंगची कटकट नाही हे फार मोठं सुख. पण ॲक्शनमध्ये लाकूड आणि फेल्ट आहे, रेग्युलेशन, म्हणजे ॲक्शनची बारीक जुळणी, लागणारच, म्हणून घेण्याआधी ते करणारा माणूस आपल्या शहरात आहे का ते नक्की विचारा.