'डीव्हीडीवर कन्व्हर्ट करून देतो' म्हणत ३,५०० रुपयांची टोपी

मोबाइलवरचं चित्रण दुकानातून डीव्हीडीवर घ्यायला गेलो. आकडा आधीच सांगून टाकतो: ३,५०० रुपये. पहिल्या दिवशी २,३००. त्यात सहा तासांच्या व्हिडिओचं 'कन्व्हर्जन' तासाला १५० प्रमाणे ९००, आणि चार डिस्क कव्हरसकट ३५० प्रमाणे १,४००. आठवड्याने वर आणखी १,२००, 'पाल कन्व्हर्जन' म्हणून (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत). हाती आल्या आठ चकत्या. त्यातल्या चार प्लेअरवर लागत नाहीत, आणि चार लागतात पण बघवत नाहीत.

'आता डीव्हीडी कोण बघतं' हे विचारू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच रिमोटची सवय आहे, विषय संपला. प्लेअरला यूएसबी आहे की, हेही सांगू नका. जुन्या प्लेअरची यूएसबी फार तर डिव्हएक्स, एक्सव्हिड या जुन्या पद्धतींनी दाबलेली एव्हीआय फाइल ओळखते, तीही पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या रचनेत फॉरमॅट केलेला असेल तर. मोबाइलची एच.२६४ या नव्या पद्धतीने दाबलेली एमपी४ त्याच्या चिपला झेपतच नाही. फाइलच्या शेवटचं एमपी४ खोडून एव्हीआय लिहिलं तरी आतला माल तोच राहतो.

पहिली चलाखी जुनीच. फाइली जशाच्या तशा डिस्कवर ओढायच्या आणि त्याला कन्व्हर्जन म्हणायचं. दुकानदाराने संगणकावर लावून दाखवलं, छान चाललं. चालणारच! व्हीएलसी हा संगणकावरचा प्लेअर काहीही चालवतो, ती चाचणीच नव्हे. घरच्या प्लेअरवर 'नो डिस्क'.

इथेच कळायला हवं होतं. चार डिस्क पाऊण तासात हातात पडल्या. ८एक्स वेगाने एक भरलेली डिस्क राईट व्हायला आठेक मिनिटं, म्हणजे चारची बत्तीस. उरलेल्या तेरा मिनिटांत सहा तासांच्या चित्राचं एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीला लागणाऱ्या रूपात रूपांतर? मी घड्याळ बघत काउंटरवर उभा होतो आणि हा साधा हिशेब केला नाही. एमपेग म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस फसला तर समजू शकतो. मला ठाऊक होतं. पण आताच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, दुसऱ्या दिवशी डिस्क हव्या होत्या, आणि समोरचा माणूस बिटरेट, ऑथरिंग असले शब्द बिनचूक फेकत होता. कुणीही फसला असता.

खऱ्या डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर असतं. आत आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फाइली, एकही व्हीओबी १ जीबीच्या वर नाही. चित्र एमपेग-२, पालमध्ये ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज बहुधा एसी-३ या पद्धतीचा, ४८ किलोहर्ट्झ. पैसे देण्याआधी हे फोल्डर उघडून बघा. ते नसेल तर ती डेटा डिस्क, म्हणजे नुसत्या फाइली भरलेली.

भांडायला गेलो तर म्हणे, 'तुमचा प्लेअर पालचा आहे, वेगळं कन्व्हर्जन लागेल.' आपल्याकडचे बहुतेक प्लेअर पाल आणि एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) दोन्ही वाचतात. उलट मोबाइलचं ३० फ्रेमचं चित्रण एनटीएससीतच (७२० बाय ४८०) ठेवलेलं बरं, २५ वर आणलं की हालचाल अडखळते. तरी १,२०० मोजले. का, ते विचारू नका.

दुसऱ्या खेपेच्या डिस्क प्लेअरवर लागल्या. माणसं उभी ताणलेली, कारण रुंद पडद्याची, १६:९ ची खूणच टाकली नव्हती. पैठणीचा काठ म्हणजे नुसते चौकोन. मग डिस्क उलटी करून उजेडात तिरकी धरली. राईट झालेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो, आतून बाहेर वाढत जातो. दीड तासाची चांगली डिस्क जवळजवळ काठापर्यंत, म्हणजे तीनेक सेंटीमीटर भरते. इथे आतल्या बाजूला जेमतेम एक सेंटीमीटरची कडी. मीडियाइन्फो या फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामने सांगितलं: ३५२ बाय २८८, एमपेग-१, ११५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). सरळ जुन्या व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओ सीडीचा दर्जा, डीव्हीडीच्या भावात. हे डीव्हीडीच्या नियमात बसतं, म्हणून प्लेअर मुकाट वाचतो. ही कडी दुकानातच बघता आली असती, फुकट.

चौकीत गेलो. 'साडेतीन हजारांसाठी आलात?' वर दिवाणी मामला असल्याचं सांगून बोळवण. एका तक्रार कक्षात बिल मागितलं. बिलावर 'डीव्हीडी ४ नग' एवढंच, ना जीएसटी क्रमांक ना दर्जाचा उल्लेख. तिथल्या साहेबांनी डिस्क स्वतःच्या संगणकात घातली, व्हीएलसीत चालली, आणि ते म्हणाले, 'चालतेय की हो!' अख्ख्या कार्यालयात डीव्हीडी प्लेअर नाही आणि तक्रार प्लेअरची. 'वरच्या टेबलावर' दोन खेपा, एकदा साहेब जेवायला, एकदा मीटिंगला. शेवटी अर्जावर आवक शिक्का मिळाला, बाकी काही नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण बिलावर काहीतरी हवं. म्हणून लिहून घ्या: 'डीव्हीडी-व्हिडिओ, एमपेग-२, ७२० बाय ५७६ (एनटीएससी असेल तर ४८०), प्रति डिस्क दीड तास, फायनलाइज (राईट करून बंद) केलेली.' लिहायला का-कू करणारा दुकानदार तिथेच सोडा. मूळ पेनड्राइव्ह देऊन येऊ नका, प्रत द्या.

शेवटी बाहेरून जोडायचा रायटर १,६५० ला आणला. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामला 'टार्गेट एनटीएससी-डीव्हीडी' सांगितलं की चित्र ६००० आणि आवाज ४४८ केबीपीएसला आपोआप बसतो. दीड तासाचे सुमारे ४.३५ अब्ज बाइट, आणि डिस्कमध्ये मावतात ४.७ अब्ज. (विंडोज तेच ४.३८ जीबी दाखवतं, घाबरू नका.) मोबाइलच्या चित्रणात सेकंदाला पडणाऱ्या फ्रेमची संख्या कमीजास्त होत असते, आधी ती एकसारखी करून घ्या, नाहीतर तासाभराने ओठ आणि आवाज वेगळे पडतात. मेनू डीव्हीडीस्टायलर या प्रोग्रामने. राईट ४एक्सने केलं, जुनी लेन्स त्यावर कमी कुरकुरते. रात्री लावलं ते सकाळी तयार होतं.