न्हाणीघरातल्या दिव्यामागचा बॉक्स: पत्र्याचा, पीव्हीसीचा की बाहेरून बसवायचा?

आरशावरच्या दिव्यासाठी बॉक्स घ्यायला गेलं की दुकानदार तीन प्रकार काढून ठेवतो. जस्त चढवलेला पत्र्याचा, पीव्हीसीचा गोल डीप बॉक्स, आणि रबरी गॅस्केटचा, भिंतीवर बाहेरून बसवायचा आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देण्याच्या दर्जाचा. घाटावर यातला कुठलाही चालून जातो. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत खाऱ्या वाऱ्यावरच्या घरात मात्र निवड एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर येऊन ठेपते: काही वर्षांनी दिवा बदलायची वेळ आली की स्क्रू फिरेल का?

पत्र्याच्या बॉक्सवर माझा राग आहे तो या स्क्रूपायीच. बॉक्सच्या अंगावर जस्त असतं, पण कानांना, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो त्या पट्ट्यांना, आटे पाडलेल्या जागी ते बहुधा उरलेलं नसतं. गिझरची वाफ आणि मिठाचा दमटपणा नेमका तिथेच मुरतो. तीन-चार पावसाळ्यांत स्क्रू आणि कान एकजीव होतात. जोर लावला की आधी स्क्रूच्या डोक्याची खाच झिजते, मग कान तुटतो, आणि पुरलेला बॉक्स काढायचा म्हणजे टाइल फोडणं आलं. त्या शेडची टाइल तोवर बाजारातून गेलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून कधीकधी बॉक्सच्या काठाची टाइलही फुगून सुटते आणि तिच्याखालून तांबूस ओघळ येतो.

दुसरं असं की पत्र्याच्या बॉक्सला अर्थिंग हवंच. ते ज्या स्क्रूखाली दाबायचं, तोही त्याच वाफेत असतो. म्हणजे ज्या जोडावर जिवाची सुरक्षितता अवलंबून, तोच आधी ढिला पडायचा. पत्रा मजबूत असतो, उष्णता सोसतो, जड झुंबराला तोच बरा. पण आरशावरचा एलईडी दिवा फारसा तापत नाही आणि फार जडही नसतो.

पीव्हीसीचा बॉक्स गंजत नाही, हे उघड आहे. त्यातले कानाचे इन्सर्ट, म्हणजे स्क्रूसाठी बसवलेल्या धातूच्या आटेदार नळ्या, मात्र गंजू शकतात, आणि घेताना हीच गोष्ट निसटते. खिशात लहान चुंबक ठेवा. इन्सर्टला चिकटलं तर ते पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड. बॉक्स परत करा. प्लास्टिकमध्येच आटे पाडलेला बॉक्सही नको, दोनदा स्क्रू काढला की आटे जातात. पितळी इन्सर्ट, आणि त्यात पितळी किंवा ३०४ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. दिव्यासोबत पुडीत येणारे स्क्रू फेकून द्यायचे.

खोली सुमारे ६० मिमी तरी असू द्या. फेज, न्यूट्रल, अर्थ, पुढच्या पॉइंटला जाणाऱ्या तारा आणि कनेक्टर, एवढं उथळ बॉक्समध्ये कोंबलं की दिव्याची पाटी भिंतीला टेकत नाही आणि त्या फटीतून वाफ आत शिरते. बॉक्सचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी समपातळीत आलं पाहिजे. प्लास्टर, चिकटवण आणि टाइल मिळून २०-२५ मिमी भरतात. प्लास्टरआधीच बॉक्स भिंतीच्या चिऱ्याशी (जांभा दगडाशी) सपाट बसवला तर तो तेवढा आत जातो आणि मग लांब स्क्रू शोधत बसावं लागतं. न वापरलेली भोकं बंद ठेवा, नाहीतर मुंग्या आणि कुंभारीण माशी आत संसार थाटतात. बॉक्स प्लास्टिकचा आहे म्हणून दिव्याची अर्थची तार कापून टाकणारे वायरमन भेटतात. तसं करू देऊ नका. दिव्याचं अंग धातूचं असेल तर अर्थ लागतेच, आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच.

बाहेरून बसवायच्या बॉक्सचं म्हणाल तर तो कागदावर सगळ्यांत भारी. पण ६५ हा आकडा ग्लँड, म्हणजे केबल आत घेऊन तिच्याभोवती आवळायची बूच, नीट आवळला तरच खरा. ग्लँड गोल केबलसाठी असतो. त्यातून तीन सुट्या तारा ओवल्या तर मधे फटी राहतात आणि गॅस्केटचा उपयोग शून्य. १ चौ. मिमीची तीन पदरी गोल केबल घेतली तर पीजी ९ किंवा पीजी ११ मापाचा ग्लँड बसतो. केबल नेहमी खालून घ्यावी, वरून घेतली की पाणी तिच्यावरून ओघळत थेट ग्लँडवर येतं. एवढं करूनही आत दव धरतं, कारण पाइपातून येणारी दमट हवा थंड भिंतीशी निवते. मी उघडलेल्या अशा बॉक्सांपैकी बऱ्याचशांच्या तळाशी पाणी होतं. खालच्या बाजूला ४ मिमीचं भोक पाडून ते काढून देता येतं, पण मग आयपी ६५चे पैसे कशाला मोजायचे, असं वाटून जातं.

तरी तो बाद नाही. जुन्या चिऱ्याच्या घरात झिरी मारायची नसेल, वायरिंग उघडं असेल किंवा घर भाड्याचं असेल, तर तोच बरा. फक्त चिरा सच्छिद्र असतो, त्यात गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) फिरते. भोक थोडं मोठं पाडून सिमेंटच्या घोळात गिट्टी बसवा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू आवळा.

टाइल नव्याने बसणार असेल तर मात्र पितळी इन्सर्टचा पीव्हीसी डीप बॉक्सच घ्यावा असं मला वाटतं. दिवा लावताना स्क्रूच्या आट्यांना चिमूटभर व्हॅसलीन चोळा, आणि त्याच मापाचे दोन जादा स्क्रू मीटरच्या पेटीत पुडी करून ठेवा.