डबी खरी, रुपया दुसऱ्याचा

मला फसवलं तेव्हा माझ्या हातात आलेली प्रत्येक वस्तू खरी होती. प्लास्टिकची डबी खरी, तिच्यावरचा नंबर खरा, तो नंबर अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळावर टाकल्यावर दिसणारी माहितीही खरी. आतला रुपयासुद्धा खरा, सयाजीरावांचाच. फक्त तो माझा नव्हता.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. बँकेतून निवृत्त झाल्यावर नाण्यांचा नाद वाढला, पण संग्रहाचं मूळ आजोबांचं. ते गायकवाडी नोकरीत होते. त्यांच्या बटव्यात एक रुपया वेगळा, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. एका बाजूला पगडीतले सयाजीराव, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत 'एक रुपया', संवत 1952 आणि खाली आडवी तलवार. संवत 1952 म्हणजे साधारण 1895. त्याआधीचे बडोद्याचे हाती पाडलेले रुपये पाहिले तर त्यांवर फारसी मजकूर आणि त्यात राजाचं नागरी आद्याक्षर, तेही ठशाचा अर्धा भाग नाण्याबाहेर गेलेलं. सयाजीरावांचा हा रुपया यंत्रावरचा, गोल, नीटस. आजोबांचा तर जणू कालच पाडलेला. कडेला निळसर-तपकिरी झाक चढलेली आणि चेहऱ्यावर मूळ चमक शाबूत. मी 11.42 ग्रॅम वजन करून वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही पुढे कशी कामाला आली नाही, ते सांगतोच.

ग्रेडिंग म्हणजे काय ते नवख्यांसाठी थोडक्यात. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने 1949 मध्ये तिकडच्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 असं मोजमाप काढलं, तेच आज जगभर वापरतात. 60 आणि वर म्हणजे न वापरलेलं, न झिजलेलं नाणं. पीसीजीएस 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये, या दोन अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्यावर नाणं तपासून, आकडा देऊन, कायमच्या बंद डबीत घालून परत द्यायची पद्धत रुळली. त्या डबीला स्लॅब म्हणतात. नाणं घासलेलं, पॉलिश केलेलं किंवा दुरुस्त केलेलं असेल तर आकडा मिळत नाही, फक्त 'डिटेल्स' असा शेरा पडतो आणि किंमत धाडकन उतरते. दोन सारखे दिसणारे रुपये, एकाला 62 आणि दुसऱ्याला 'डिटेल्स, क्लीन्ड'. लिलावात दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

आता मला फसवणारा तो माणूस. लोकांची नाणी ग्रेडिंगला पाठवून द्यायचा. शहरातल्या एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे भेटला. चाळिशीचा, स्वच्छ कपडे, टेबलावर काचेखाली पंधरा-वीस स्लॅब. बोलणं मराठी. बडोद्यात गुजराती दुकानदारांशी आयुष्यभर हिशेब करणारा आमच्यासारखा माणूस मराठी ऐकलं की उगाच अर्धा पाघळतो. मी पाघळलो. 'काका, तुम्ही कशाला धावपळ करता, फॉर्म, डॉलर, कुरिअर? महिन्याला एक खेप जाते माझी. माझा माणूस हातात घेऊन जातो, पोस्टात काही टाकत नाही.'

'हातात' या शब्दावर मी थबकायला हवं होतं. नाही थबकलो.

तीन नाणी दिली. सयाजीरावांचा रुपया, 1947 चा वाघवाला निकेलचा रुपया आणि प्रजासत्ताकाचा पहिला, 1950 चा रुपया. प्रत्येकी साडेसहा हजार, म्हणजे एकोणीस हजार पाचशे रुपये, आगाऊ. पोचपावती त्याने दिली, तीही छापील, शिक्क्यासकट. तिच्यावर लिहिलं होतं: 'बडोदा रुपया सं. 1952, 1 नग. जॉर्ज रुपया 1947, 1 नग. रुपया 1950, 1 नग.' वजन नाही, फोटो नाही, खुणा नाहीत, दर्जाबद्दल एक अक्षर नाही. खाली बारीक टाइपात दहा-बारा ओळी आणि माझी सही. पस्तीस वर्षं मी लोकांना 'वाचून सही करा' म्हणत आलो. स्वतः चष्मा खिशात ठेवून सही केली.

साडेचार महिन्यांनी नाणी आली. 1947 ला 64, 1950 ला 63. मी खूश. आणि सयाजीरावांना 'एयू डिटेल्स, क्लीन्ड'. म्हणजे थोडं वापरलेलं आणि घासलेलं.

त्याने चेहरा पाडला. म्हणाला, 'काका, घरात लक्ष्मीपूजनाला काढत असाल. बायका चिंच लावतात, रांगोळीने घासतात. आपल्याला वाटतं स्वच्छ झालं, तिकडे भिंगाखाली सगळे ओरखडे दिसतात.' हे खोटं नाहीच मुळी. आपल्या घरांतली कितीतरी चांदीची नाणी अशीच गेली आहेत. त्यामुळे त्याचं बोलणं मला पटलं, आणि पटलं म्हणून मी घरी येऊन जे केलं त्याची आजही लाज वाटते. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारलं, विचारलं कसलं, जवळजवळ झापलंच, की आजोबांच्या रुपयाला तू काय लावलं होतंस.

आई काही बोलली नाही. स्लॅब घेऊन खिडकीशी गेली. तिला जवळचं चष्म्याशिवाय अजून दिसतं. डबी उजेडात इकडून तिकडून तिरकी करून पाहिली आणि परत माझ्या हातात देत म्हणाली, 'हा आपला नव्हे. पूजेला मी जे दोन घासायचे ते राणीछापाचे. मामंजींच्या रुपयाला कुणी हात लावायचं नाही, तो नुसता फुलं वाहायला असायचा. आणि आपल्या महाराजांच्या गालावर खोक होती.'

खोक. पगडीच्या खाली, गालाच्या हाडावर, तांदळाच्या कणीएवढी कोयरी. लहानपणी मी तिला महाराजांचा तीळ म्हणायचो. स्लॅबमधल्या गालावर ती नव्हती.

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं तिच्यावरूनच झाली. नाण्यावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एक ठशातली. ठसा चिरला तर त्या चिरेची उंचवटलेली रेघ त्या ठशाने पाडलेल्या शेकडो नाण्यांवर येते. माझ्या रुपयावर तलवारीच्या टोकाशी अशी बारीक रेघ होती, आणि स्लॅबमधल्या रुपयावरही तशीच आहे. फोनवर त्याने पहिली तीच पकडली: 'काका, बघा ना, तलवारीपाशी रेघ आहे की नाही? तुमचंच आहे.' पण ती रेघ पुरावा होऊच शकत नाही. पुरावा लागतो तो नाणं पाडल्यानंतर लागलेल्या माराचा. खोल खड्डा, खोक, कडेवरचा ठोका. तो फक्त त्याच एका नाण्यावर असतो आणि कुठल्याही घासण्याने तो भरून निघत नाही. घासलेल्या नाण्यावर नवे ओरखडे येतील, पण जुनी खोक पुसली जाणार नाही.

वजनाचं म्हणाल तर वहीतले 11.42 ग्रॅम निरुपयोगी. स्लॅब फोडल्याशिवाय आतलं नाणं तोलता येत नाही, आणि फोडला तर हातात उरतं एक मोकळं नाणं आणि प्लास्टिकचे तुकडे. मग तो म्हणणार, फोडल्यावर तुम्हीच बदललंत.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून सहज संगणकावर बसलो. माझ्या तीन स्लॅबांचे नंबर एकापाठोपाठचे होते, शेवट 17, 18, 19 असा. एका खेपेतल्या नाण्यांना नंबर ओळीने पडतात. मी 20 टाकून पाहिला. कुठलंसं हैदराबादचं नाणं. 21, 22, तीही त्याच्याच कुणा गिऱ्हाइकाची असतील. 23 टाकला आणि समोर: बडोदा रुपया, संवत 1952, एमएस 62. एमएस म्हणजे न वापरलेलं. फोटोची फी वेगळी असते, माझ्या नाण्यांसाठी त्याने ती भरली नव्हती, पण या नाण्यासाठी भरली होती. फोटो मोठा करून पाहिला. निळसर कड. पगडीखाली गालावर कोयरी.

खेळी मग सरळ दिसली. त्याच्याकडे घासलेला, त्याच सालाचा एक रुपया आधीपासून असणार. दोन्ही रुपये एकाच खेपेत पाठवले. फॉर्मवर माझ्या ओळीत त्याचा रुपया, त्याच्या ओळीत माझा. ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीने दोन्ही नाणी इमानदारीत तपासली. तिला कसं कळणार कोणतं कुणाचं? स्लॅब सांगतो की आत काय आहे. ते कुणाच्या घरून आलं, हे तो सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. प्रिंट काढून नेली होती. त्याने ती पाहिली, चहा मागवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, 'काका, शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर न्यायला बंदी आहे, माहीत आहे ना? 1972 चा कायदा. तुम्ही पावतीवर सही केली आहे, खाली लिहिलंय की परवानग्यांची जबाबदारी ग्राहकाची. पोलिसांत जा, पण आधी तुमचं नाव येईल.' मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. चहा पिऊन आलो, हेही खरं आहे.

माझी भाची वकील आहे. तिने सांगितलं की त्याने घातलेली भीती पोकळ नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं, आणि असा पुरावशेष केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली यंत्रणा यांच्याखेरीज कुणालाही निर्यात करता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, वर दंड. 1947 आणि 1950 च्या माझ्या दोन रुपयांना ही अडचण नव्हती, शंभरी भरली नाही त्यांची. सयाजीरावांना होती. म्हणजे त्याने हेरून नाणं निवडलं होतं. संग्रहातलं सगळ्यात किमती नाणं जुनं असतं, आणि जुनं असतं म्हणूनच मालक तक्रार करायला बिचकतो. नवी दोन त्याने चोख करून दिली, ती आमिष म्हणून.

भाचीने विचारलं, 'मामा, तुम्हाला कायदा माहीत नव्हता?' मी म्हटलं, ऐकून होतो, पण सगळेच पाठवतात. ती म्हणाली, 'हे वाक्य अर्जात लिहू नका.'

अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेची 316 आणि 318 ही कलमं, विश्वासघात आणि फसवणूक. नाणं बाहेर गेल्याचंही त्यात स्पष्ट लिहिलं, काही लपवलं नाही. भाचीचा हट्ट होता की ते आपण सांगितलेलं बरं, त्याने सांगण्यापेक्षा. ठाण्यातल्या साहेबांना स्लॅब म्हणजे काय हे समजावण्यात पाऊण तास गेला. ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, 'या गालावरच्या खुणेचा जुना फोटो आहे का, नाणं देण्याआधीचा?'

हाच प्रश्न होता. मी नाण्याचं वजन केलं, वही केली, पण फोटो काढला नव्हता. काढला असता तर असा काढायला हवा होता: दोन्ही बाजू, कड, तिरक्या उजेडात, आणि शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र. मग तेच फोटो पावतीला टाचून त्यांवर त्याची सही. तो नको म्हणाला असता तर तिथेच उठून यायचं.

फोटो सापडला तो मुलीच्या जुन्या फोनमध्ये. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिने पूजेच्या ताटाचा फोटो पुण्याच्या आतेभावाला पाठवला होता. झेंडूच्या पाकळ्यांमध्ये रुपया आहे, सयाजीराव वर. मोठा करून पाहिलं की कोयरी दिसते. अंधुक, पण दिसते. आतेभावाच्या व्हॉट्सॲपमध्ये ती तारीख तशीच आहे.

दरम्यान 23 नंबरचा स्लॅब एका लिलावाच्या यादीत आला. मी फोटो, अर्जाची पोच आणि आईचं सहीचं निवेदन लिलावगृहाला पाठवलं. त्यांनी लॉट मागे घेतला आहे, नाणं त्यांच्या तिजोरीत आहे. त्याचा एक माणूस मध्यस्थ म्हणून घरी येऊन गेला, साडेसहा हजार फी परत देतो म्हणाला. मी दारातूनच पाठवला.

आणि हा दुसरा रुपया, घासलेला, माझ्या कपाटात आहे. तो त्याचा स्वतःचा असेल असं मला आता वाटत नाही. कुणाच्या तरी देवघरातूनच आला असणार. सयाजीरावांचा रुपया, संवत 1952, पुढच्या बाजूला 'गायकवाड'मधल्या 'य'वर आडवा खोल ओरखडा, मागे तलवारीच्या मुठीशी सुईच्या टोकाएवढे दोन खड्डे, जवळजवळ. ज्यांच्या घरात हे नाणं होतं त्यांनी कळवावं. पोलिसांना विचारून द्यावं लागेल, पण मला ते ठेवून घ्यायचं नाही.