२१ दिवसांत २०० डिस्प्ले स्टँड: पुठ्ठा की एमडीएफ, एक कारखाना की चार?

माल दुकानात येण्याची तारीख पक्की झालेली असते, जाहिराती ठरलेल्या असतात, आणि तो माल ज्यावर मांडायचा ते स्टँड अजून कागदावरच असतात. समजा, हातात २१ दिवस आहेत आणि २०० स्टँड हवेत. कारखान्याला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला: "रोज किती नग काढता?" त्याचं उत्तर नेहमी छान मिळतं आणि काम तरीही लांबतं. कारण मशीन क्वचितच उशीर करतं. दिवस खातात ते रंगाचं वाळणं, डायची (बोर्ड ठरलेल्या आकारात कापणाऱ्या साच्याची) वाट, पावडर कोटिंगवाल्याकडची (धातूवर रंगाची पूड भाजून बसवणाऱ्याकडची) रांग आणि मंजुरीचा न आलेला मेल. म्हणून पुढचे पर्याय तोलताना मी एकच गोष्ट मोजली आहे: माल नुसता पडून कुठे राहतो?

कशाचा बनवायचा

पुठ्ठ्याइतकं झटपट काहीच होत नाही. ड्रॉइंग तयार असेल तर कटिंग टेबलवर डायशिवाय, छपाईशिवाय कोरं सॅम्पल एका दिवसात हातात येतं. २०० नग असतील तर पूर्ण कामच डायविना निघू शकतं. मात्र पुठ्ठ्याचा वैरी पाणी. दमट हवेत त्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते, आणि दुकानातली फरशी रोज पुसली जाते हे डिझाइन करणाऱ्याला हमखास आठवत नाही. तळाला प्लास्टिकची पट्टी किंवा छोटे पाय द्या. बाटल्यांसारखा जड माल असेल तर साधारण ६ ते ७ मिमी जाडीचा दुहेरी पन्हळीचा बोर्ड घ्या आणि प्रत्येक ट्रेखाली आधार ठेवा.

स्टँड वर्षभर टिकायला हवा असेल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. पण इथे खरी निवड एमडीएफ आणि पुठ्ठा यांच्यात नसून रंगवलेला एमडीएफ आणि प्री-लॅम (ज्यावर सजावटीचा थर आधीच चिकटवलेला असतो) यांच्यात असते. रंगाचं काम म्हणजे प्रायमर, घासणं, पुन्हा थर, पुन्हा वाळवणं, आणि मधेच धूळ बसली की परत पहिल्यापासून. प्री-लॅम शीट कापली, कडांना पट्टी लावली, भोकं पाडली की भाग तयार. २१ दिवसांत मी रंगाच्या वाटेला जाणार नाही, मग डिझायनर कितीही नाराज होवो. आणखी एक बारीक हिशेब: नेहमीची शीट २४४० × १२२० मिमीची. बाजूचा भाग ६२० मिमी रुंद ठेवला तर त्या रुंदीत एकच बसतो, ६०० केला तर दोन. या २० मिमीपायी शीट जवळपास दुप्पट लागतात, आणि ऐनवेळी तेवढ्या एकाच डिझाइनच्या शीट मिळतीलच असं नाही.

धातूचं कापणं, वाकवणं, वेल्डिंग भराभर होतं. पावडर कोटिंगही भट्टीत १८० ते २०० अंशांना साधारण १० ते २० मिनिटांचंच काम. मग घोडं अडतं कुठे? रंगात. काळा आणि पांढरा बहुतेकांकडे सतत चालू असतो. तुमच्या ब्रँडची खास छटा मात्र बूथ साफ होऊन तिची पाळी येईपर्यंत थांबते. खास रंग वरच्या छापील पट्टीवर दाखवा, सांगाडा काळाच राहू द्या.

ॲक्रिलिक लेझरवर सुरेख कापलं जातं, पण कापलेल्या कडेत ताण राहतो. तिच्यावर अल्कोहोलवालं क्लीनर फिरवलं की बारीक तडे उमटतात. पुसायला साबणाचं सौम्य पाणी द्या आणि हे पॅकिंग करणाऱ्यालाही सांगा. पीव्हीसी फोम बोर्ड चुकूनही लेझरखाली घालू नका, त्यातून क्लोरीनयुक्त घातक वायू निघतो. तो राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशीनवर) कापतात. इंजेक्शन मोल्डचा (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून भाग बनवण्याचा) विषय २१ दिवसांत काढूच नका, साच्यालाच कित्येक आठवडे जातात.

थोडक्यात, मोहीम दोन महिन्यांच्या आत संपणारी असेल तर पुठ्ठा. त्याहून लांब असेल तर प्री-लॅम आणि काळा धातू.

छपाई

इथे फार डोकं लावायला नको. २०० नगांना डिजिटल यूव्ही (अतिनील प्रकाशात शाई सुकवणारी छपाई), थेट बोर्डावर. शाई लगेच सुकते, पुढचं काम त्याच दिवशी सुरू होतं. ऑफसेटची प्लेट, मग छापील कागद बोर्डावर चिकटवणं, मग डाय ही साखळी हजारोंच्या संख्येलाच परवडते. रंगाची मंजुरी मात्र स्क्रीनवर किंवा कागदी प्रूफवर देऊ नका, प्रत्यक्ष बोर्डाच्या तुकड्यावरच द्या.

एक कारखाना की चार

चौघांकडे काम वाटलं तर दर चांगला पडतो आणि प्रत्येक काम त्यातल्या तरबेज माणसाकडे जातं. पण एकाचा भाग दुसऱ्याच्या भागाला जिथे मिळतो, ती जागा कुणाचीच नसते. ती तुमची होते. माझ्या एका कामात लाकूडवाल्याकडे ड्रॉइंगची तिसरी आवृत्ती होती आणि ब्रॅकेटवाल्याकडे दुसरी. भोकांत फरक ५ मिमीचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि ब्रॅकेटना पुन्हा भोकं पाडत मी रात्र काढली.

एकाच कारखान्याला दिलं तर ही डोकेदुखी त्यांची. फक्त आधी एवढं विचारा की यातलं बाहेर काय जातं. कोटिंग, छपाई, ॲक्रिलिक हे सगळंच बाहेर जाणार असेल तर तोही चार कारखान्यांचाच प्रकार झाला, फक्त मधल्या गोष्टी तुम्हाला दिसणार नाहीत. दोनच मटेरियल असतील आणि तुम्ही रोज जाऊन उभे राहू शकत असाल तर काम वेगवेगळं द्या. तीन झाली की एकाकडेच.

सॅम्पल वगळावं का?

घाईत पहिली कुऱ्हाड यावरच पडते. छापील, चकचकीत सॅम्पल वगळलं तरी चालेल. कोरं सॅम्पल अजिबात वगळू नका. त्यावर खरा माल लावा, पूर्ण भरा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी शेल्फ वाकलंय का ते पाहा. ही रात्र फुकट जात नाही, त्याच वेळी आर्टवर्कची मंजुरी चालू ठेवता येते. मंजुरी देणारा माणूस एकच असावा. तिघांच्या मतांत दोन दिवस गेले तर एकूण वेळेचा जवळपास दहावा हिस्सा तिथेच संपला.

जोडून की फ्लॅट पॅक

जोडलेला स्टँड दुकानात पोचला की लगेच उभा राहतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो वाहतुकीत हवाच जास्त नेतो. विमानाने पाठवायची वेळ आली तर एक घनमीटर म्हणजे सहसा १६७ किलो धरतात. ०.६ × ०.४ × १.५ मीटरचा स्टँड प्रत्यक्षात १५ किलोचा असला तरी भाडं ६० किलोचं लागतं. तोच सुट्या भागांत, फ्लॅट पॅक करून, १० सेंमी जाडीच्या चपट्या खोक्यात बसवला तर वजन आणि भाडं जवळपास जुळतं. परदेशी जायचा असेल तर लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं. प्लायवूडच्या पॅलेटला ही अट नाही, म्हणून घाईत मी तेच घेतो.

माझा कल फ्लॅट पॅककडे, एका अटीवर. ज्यानं हे काम कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला खोकं आणि सूचनेचा कागद द्या आणि घड्याळ लावा. १५ मिनिटांच्या वर गेला तर खिळ्यास्क्रूचे सांधे काढून खाचेत बसणारे करा. तेवढी सवड नसेल तर खालचा भाग जोडून पाठवा, वरचा चपटा.

आणि २०० पूर्ण होईपर्यंत गाडी अडवून ठेवू नका. सर्वांत लांबच्या दुकानांचे नग आधी बनवून आधी रवाना करा. वरच्या छापील पट्ट्या १० जास्त छापा. वाटेत सर्वांत आधी मोडतात त्याच.