निनावी फोन की समोरासमोरचा गट?
विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना मानसिक आधार द्यायचा, तर रात्रीची निनावी फोनसेवा आणि ठरावीक दिवशी भरणारा आधारगट असे दोन मार्ग प्रामुख्याने दिसतात. पहिल्याचे जुने उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये सुरू झालेली ‘नाइटलाइन’. अशा सेवेत प्रशिक्षित विद्यार्थी रात्री फोन घेतात आणि सल्ला देण्याऐवजी मन लावून ऐकतात. समुपदेशन केंद्र बंद असते आणि विचार मात्र झोपू देत नाहीत, अशा वेळी आपली ओळख न सांगता मन मोकळे करता येणे ही मला या सेवेची सर्वांत मोठी ताकद वाटते, कारण ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीनेच अनेकजण मदतीपासून दूर राहतात. मात्र बोलणारा अनोळखीच राहत असल्याने त्याचे पुढे काय झाले, हे सहसा कळत नाही.

आधारगटात नेमके हेच साधते. तीच माणसे पुन्हा भेटतात, एखादा गैरहजर राहिला तर त्याची विचारपूस होते आणि एकटेपणा प्रत्यक्ष सहवासाने कमी होतो. परंतु तिथे चेहरा लपत नाही आणि एकाच वर्गातील दोघे समोर आले तर गुप्ततेचा प्रश्न नाजूक होतो.

पहिले पाऊल टाकणाऱ्याला मी फोनच सुचवेन. एकटेपणाच मुख्य दुखणे असेल, तर गट. आत्महत्येचे विचार येत असतील, तर यांपैकी कशावरही विसंबून न राहता तातडीने तज्ज्ञांची मदत घ्यायला हवी.